युद्धाच्या अर्जातले 'प्रयोजन'

(मंडळाच्या मासिक व्याख्यानात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही इतिहासाचे प्राध्यापक नाही. बी.कॉम. झालो, बँकेत लागलो आणि गेली वीस-बावीस वर्षे काउंटरच्या आतल्या बाजूला बसून आहोत. तेव्हा आज इतिहासावर बोलायला का उभे राहिलो, ते आधी सांगतो.

मागच्या महिन्यात आपल्या जुन्या मराठी घरांतून एक पत्रक फिरले. आपण बहुतेकांनी ते पाहिले आहे, म्हणून वाचून दाखवत नाही. सारांश असा, की आपले पूर्वज धर्मासाठी लढत या तापीकाठी आले, ती लढाई अजून संपलेली नाही, आणि म्हणून मराठी कुटुंबांनी विशिष्ट समाजाकडून माल घेऊ नये, त्यांना घर-दुकान भाड्याने देऊ नये. खाली सह्यांसाठी रेघा. आमच्या घरी ते आले तेव्हा सात सह्या झाल्या होत्या. त्यात आमचे काका होते, लहानपणी आम्हाला पाढे शिकवलेले गुरुजीही होते. आम्ही सही केली नाही. दुसऱ्या दिवशी काकांनी विचारले, "का रे, घाबरलास का?" त्यांना त्या वेळी नीट उत्तर देता आले नाही. आज काका समोरच्या रांगेत बसले आहेत. उत्तर द्यायला उभे आहोत.

आमच्या कामातले एक उदाहरण देतो. कर्जाच्या अर्जात एक रकाना असतो, 'कर्जाचे प्रयोजन'. तिथे कोणी 'मौजमजेसाठी' असे लिहीत नाही. शेतीची अवजारे, मुलीचे लग्न, आईचे ऑपरेशन, असेच लिहिलेले असते. काही अर्ज अगदी खरे असतात. काही अर्जांतली विहीर पुढे पाहणीला गेल्यावर दारात उभी असलेली मोटारसायकल निघते. म्हणून आम्हाला शिकवले गेले, की प्रयोजन वाचावे, पण तेवढ्यावर पैसे देऊ नयेत. मागची खाती पाहावीत, तारण कोणाचे ते पाहावे, आणि पैसे नेमके कुठे गेले ते नंतर जाऊन पाहावे.

युद्धाचाही असाच एक अर्ज असतो. तो राजा किंवा सरकार प्रजेपुढे ठेवते. प्रयोजनाच्या रकान्यात धर्म, न्याय, अनाथांचे रक्षण, असे लिहिलेले असते. 'खजिना हवा आहे' असे कोणी लिहीत नाही. आणि हे अर्ज पाहायला बऱ्हाणपूरसारखे दुसरे गाव नाही. दक्खनचा हा दरवाजा. उत्तरेतून खाली जाणारा आणि खालून वर येणारा प्रत्येक जण इथे थांबला, आणि प्रत्येकाने आपापला अर्ज इथेच भरला.

असीरगड, 1600

अकबराने 1600 साली बऱ्हाणपूर घेतले आणि असीरगडाला वेढा घातला. 1601 च्या जानेवारीत गड पडला. गड कसा पडला, याच्या दोन हकिकती आहेत. अबुल फजल सांगतो, की किल्ल्यात रोगराई पसरली, माणसे हवालदिल झाली. अकबराच्या छावणीत जेझुइट पाद्री जेरोम झेवियर होता. त्या पाद्र्यांच्या कागदांत वेगळे आहे. बहादूरखान फारुकीला अकबराने अभयाची शपथ देऊन खाली बोलावले, मग अडकवून ठेवले, आणि शेवटी आतल्या सरदारांना पैसे देऊन दरवाजे उघडवले.

यातली खरी कोणती यावर विद्वान आजही भांडतात. आम्हाला त्यातली एक बारकी गोष्ट महत्त्वाची वाटते. गडाच्या भिंतींपुढे आपल्या तोफा कमी पडतात असे पाहून अकबराने पाद्र्यामार्फत पोर्तुगीजांकडे तोफा मागितल्या. पाद्री म्हणाला, असल्या कामात मदत करणे आमच्या ख्रिस्ती धर्माला मान्य नाही. ऐकायला फार उदात्त. पण त्याच कागदांत पुढे नोंद आहे, की खानदेशच्या सुलतानाशी पोर्तुगीजांचा नुकताच सलोखा झाला होता. गोव्यापासून चौलपर्यंत ज्यांच्या तोफा एरवी बिनदिक्कत धडधडत होत्या, त्यांना असीरगडापाशीच धर्म आठवला. म्हणजे धर्म केवळ युद्ध करायलाच उपयोगी पडतो असे नव्हे, युद्धातून अंग काढून घ्यायलाही पडतो.

बादशहा होण्याआधीचा महिना

औरंगजेब दक्खनचा सुभेदार म्हणून या गावात वावरलेला माणूस. 1658 च्या फेब्रुवारीत तो फौज घेऊन इथे आला आणि सुमारे महिनाभर थांबला. मार्चमध्ये निघाला आणि एप्रिलमध्ये उज्जैनजवळ धर्मातला त्याने पहिली मोठी लढाई मारली. पुढचे सर्वांना माहीत आहे.

या महिन्यात त्याच्या अर्जात काय लिहिले होते? आजारी वडिलांना भेटायला चाललो आहे, आणि धर्मभ्रष्ट दाराच्या तावडीतून त्यांना सोडवायचे आहे. धाकटा भाऊ मुराद याच्याशी ईश्वराला आणि पैगंबराला साक्षी ठेवून राज्यवाटणीचा करार झाला होता. इस्लाम संकटात आहे, सिंहासनाची मला हाव नाही, असा एकूण सूर.

आता पैसे कुठे गेले ते पाहू. आजारी वडील आग्र्याच्या किल्ल्यात कैद झाले ते 1666 साली मरेपर्यंत. करार केलेला मुराद 1658 च्या जूनमध्येच बेड्यांत पडला. दाराला 1659 मध्ये उलेमांच्या निर्णयाने धर्मद्रोही ठरवून मारले. मुरादला 1661 मध्ये ग्वाल्हेरला मारले, तेही कायद्याने. मुरादने पूर्वी आपल्या दिवाणाचा, अली नकीचा, खून केला होता. त्या दिवाणाच्या मुलाकडून खुनाला खून अशी रीतसर मागणी करवण्यात आली. मोठ्या मुलाने नकार दिला, धाकट्याने मागणी केली. कागद अगदी चोख आहेत. आमच्यासारख्या कारकुनालाही त्यात खोट सापडायची नाही, आणि त्याचीच जास्त भीती वाटते.

याच महिन्यातली बऱ्हाणपूरची एक हकिकत सांगितली जाते. इथे तेव्हा शेख बुऱ्हाणुद्दीन राज-ए-इलाही हे थोर सूफी पुरुष राहत. मोहिमेला निघण्यापूर्वी त्यांचा आशीर्वाद मिळावा म्हणून औरंगजेब त्यांच्याकडे गेला. शेख राजेलोकांना टाळत. खूपच आग्रह झाला तेव्हा ते म्हणाले, की आम्हा फकिरांच्या दुव्याने काय होणार? तुम्ही राजे आहात. न्याय करण्याचा आणि प्रजेला सांभाळण्याचा संकल्प मनात धरून तुम्हीच हात वर करा, आम्हीही तुमच्याबरोबर करू. जवळच्या मंडळींनी तिथल्या तिथे मुबारकबाद दिली, आशीर्वाद मिळाला म्हणून. पण शेखांनी न्यायाची अट घातली होती, ती कोणाच्या लक्षात राहिली नाही.

बहादूरपूर, 1681

आता आपल्या घराकडे येऊ. इथे जरा थांबावे लागेल.

औरंगजेबाने 1679 साली जिझिया पुन्हा बसवला. त्याविरुद्धचे एक पत्र शिवाजी महाराजांच्या नावाने प्रसिद्ध आहे. त्यात कुराणाचाच आधार घेऊन म्हटले आहे, की ईश्वर साऱ्या जगाचा पालनकर्ता आहे, एकट्या मुसलमानांचा नव्हे. हे पत्र मोठे आहे, कारण ते दुसऱ्याच्या धर्माला शिवी देत नाही. दुसऱ्याच्याच वहीतली नोंद काढून त्याच्यापुढे ठेवते.

बऱ्हाणपुरात हा जिझिया कसा वसूल झाला, त्याचा आकडा इतिहासकार जदुनाथ सरकारांनी दिला आहे. सबंध शहराची वर्षाची वसुली 26,000 रुपये होती. 1682 च्या सुमारास मीर अब्दुल करीम हा अधिकारी नेमला गेला. त्याने तीन महिन्यांत निम्म्याच पुऱ्यांतून त्याच्या चौपटीहून जास्त रक्कम काढली. धर्माच्या नावाचा कर, पण हिशेब पाहिला तर वसुली अधिकाऱ्याने 'टार्गेट' ओलांडून दाखवल्यासारखा आहे.

या दोन गोष्टींच्या मध्ये, 1681 च्या जानेवारीच्या अखेरीस, संभाजीराजांचे सैन्य हंबीरराव मोहित्यांच्या नेतृत्वाखाली बऱ्हाणपुरावर आले. मुघलांचा खजिना आणि व्यापार जिथे आहे तिथे घाव घालायचा, हे युद्धनीती म्हणून समजण्यासारखे आहे. समोरचा बलाढ्य होता आणि स्वराज्यावर चालून येणार हे दिसत होते. लहानपणी आम्ही हा प्रसंग ऐकला तो छाती फुगवूनच.

पण तटाच्या आत घुसता आले नाही. लुटले गेले ते बाहेरचे बहादूरपूर आणि भोवतालचे सतरा पुरे. खाफीखान लिहितो, की बहादूरपूर हे सावकारांचे आणि व्यापाऱ्यांचे गाव, देशोदेशीचा माल तिथे होता. तीन दिवस लूट चालली. आगी लागल्या. अब्रू जाईल या भीतीने काहींनी आपल्याच हाताने घरच्या बायकांना मारले, असेही तो लिहितो. खाफीखान मुघलांकडचा आहे, वाढवून लिहीत असेल, हे धरून चालू. पण सावकार आणि व्यापारी म्हणजे कोण, हे कारकुनाला सांगावे लागत नाही. त्यात गुजराती वाणी असणार, बोहरी असणार, आणि पुढच्या वर्षी तोच जिझिया भरणारे हिंदूही असणार. आग घराचा धर्म विचारत नाही.

त्यानंतर जे झाले ते आजच्या विषयाचे मर्म आहे. बऱ्हाणपूरच्या प्रतिष्ठित मुसलमानांनी बादशहाला निवेदन पाठवले, की काफिरांचे फावले आहे, आमचे जीवित-वित्त सुरक्षित नाही, आणि शुक्रवारची सामुदायिक नमाज बंद पडली आहे. बादशहाने सुभेदार खानजहानला कडक शब्दांत खडसावले आणि आपण स्वतः दक्खनला येत असल्याचे कळवले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तो बऱ्हाणपुरात दाखल झाला. बहादूरपूरची राख त्याच्या अर्जातल्या प्रयोजनाच्या रकान्यात आयती जाऊन बसली.

पण प्रयोजन तेवढेच होते का? त्याचा बंडखोर मुलगा अकबर जूनमध्येच संभाजीराजांच्या आश्रयाला आला होता. आणि पुढच्या सहा वर्षांत त्याने कोणती राज्ये बुडवली? 1686 ला विजापूर, 1687 ला गोवळकोंडा. दोन्ही मुसलमानांची. शुक्रवारची नमाज त्या राज्यांत कोणी बंद पाडली नव्हती.

सुधारलेल्यांचा अर्ज

इंग्रज आले तेव्हा अर्जाचा कागद बदलला. धर्माऐवजी नीती आणि सुव्यवस्था असे शब्द आले. 1803 मध्ये कर्नल स्टीव्हन्सनने बऱ्हाणपूर आणि असीरगड घेतले, तेव्हा प्रयोजन होते 'पेशव्यांचे रक्षण'. पंधराच वर्षांत त्याच पेशव्यांचे राज्य बुडवले, तेव्हा प्रयोजन होते 'पेशव्यांपासून रयतेचे रक्षण'.

1817 ची मोहीम पेंढाऱ्यांविरुद्ध म्हणून उघडली गेली. पेंढाऱ्यांनी गावे जाळली, बायाबापड्यांचे हाल केले, यात खोटे काही नाही. त्यांना आवरणे भागच होते. पण लॉर्ड हेस्टिंग्जने सव्वा लाखाच्या घरात फौज गोळा केली ती काय फक्त पेंढाऱ्यांसाठी? मोहीम संपली तेव्हा पेशवाई गेली होती, नागपूरकर भोसले आणि होळकर मांडलिक झाले होते.

11 फेब्रुवारी 1818 चा एल्फिन्स्टनचा साताऱ्याचा जाहीरनामा मुद्दाम पाहण्यासारखा आहे. त्यात दुसऱ्या बाजीरावाच्या दोषांची यादी आहे, आणि त्यात ठळक आहे तो गंगाधरशास्त्र्यांचा पंढरपुरातला 1815 चा खून. तीर्थक्षेत्री झालेली ब्रह्महत्या! कंपनी सरकार ब्रह्महत्येचा न्याय करायला निघाले होते. वतने, इनामे, देवस्थाने चालू राहतील, धर्मात ढवळाढवळ होणार नाही, असेही आश्वासन होते. खून खरा होता, दोषही खरे होते. खरे कारण पुढे करून दुसराच माल उचलणे, ही सर्वांत पक्की पद्धत. निखालस खोटा अर्ज पकडता येतो, अर्धा खरा अर्ज पकडणे कठीण.

याचा शेवट आपल्या उंबरठ्यावर झाला. 3 जून 1818 रोजी असीरगडाजवळ धूळकोटला बाजीराव जॉन माल्कमच्या स्वाधीन झाला आणि आठ लाखांच्या तनख्यावर बिठूरला गेला. पेंढाऱ्यांचा चितू याच जंगलात वाघाच्या तोंडी पडला. एप्रिल 1819 मध्ये शिंद्यांचा किल्लेदार जसवंतराव लाड याने असीरगड खाली केला. पुण्यात सुरू झालेली गोष्ट आपल्या तालुक्यात संपली, आणि आपली पोरे मात्र ती पुण्याचीच समजतात.

आपली वही

कोणी म्हणेल, दुसऱ्यांचेच अर्ज तपासता का? तर आपली वहीही उघडू. बहादूरपूर झाले. आणखी दोन नोंदी.

1742 मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सरदार भास्करराम कोल्हटकर बंगालमध्ये शिरले. काटव्याजवळ त्यांनी मोठ्या थाटाने दुर्गापूजा मांडली. त्याच काळात गंगाराम नावाच्या बंगाली कवीने 'महाराष्ट्रपुराण' रचले. त्यातली कल्पना अशी, की पृथ्वीवर पाप फार झाले म्हणून शंकरानेच मराठ्यांना पाठवले. म्हणजे बंगालचा कवी आपल्याला देवाचे दूत मानायला तयार होता! पण त्याच काव्यात पुढे मराठे ब्राह्मण, वैष्णव, स्त्रिया कोणालाच सोडत नाहीत, आणि देवीच रागावून नवाबाच्या बाजूला जाते. बंगालमध्ये आईने मुलाला झोपवताना बर्गींची, म्हणजे आपल्या बारगिरांची, भीती घालावी, अशी आपली तिथली आठवण उरली. 1751 च्या तहात आपल्याला बारा लाखांची चौथाई आणि ओरिसा मिळाला.

दुसरी नोंद 1791 ची. टिपूवरच्या मोहिमेत परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या लोकांनी शृंगेरीचा मठ लुटला. शंकराचार्यांचे पीठ! आणि मठाला मदत पाठवली, मूर्तीची पुन्हा प्रतिष्ठा व्हावी म्हणून पत्रे लिहिली, ती टिपूने. त्याच टिपूने मलबारात आणि कुर्गात काय केले तेही इतिहासात आहे, ते आम्ही पुसत नाही. एवढेच दाखवतो, की माणसाच्या बाजूवरून त्याचा धर्म ओळखता येत नाही. उदगीरच्या लढाईनंतर 1760 साली बऱ्हाणपूर आणि असीरगड पेशव्यांकडे आले. आधी निजामाच्या चाकरीत असलेला इब्राहीमखान गारदी पुढे भाऊसाहेबांबरोबर पानिपतावर मराठ्यांसाठी उभा राहिला आणि त्यापायी मारला गेला. समोर अब्दाली इस्लामच्या नावाने आला होता. त्याच अब्दालीने चार वर्षांपूर्वी दिल्ली लुटली तेव्हा मुसलमानांची घरे वगळली नव्हती.

बाहेरच्या जगात हेच आहे. पवित्र भूमी सोडवायला निघालेल्या ख्रिस्ती फौजांनी 1204 मध्ये ख्रिस्त्यांचेच कॉन्स्टँटिनोपल लुटले. पहिल्या महायुद्धात जर्मन शिपायाच्या पट्ट्यावर 'देव आमच्याबरोबर' असे कोरलेले होते, आणि समोरच्या खंदकातला इंग्रज त्याच देवाची प्रार्थना करत होता. 2003 मध्ये इराकवर हल्ला झाला तो महासंहारक शस्त्रांच्या नावाने. ती सापडली नाहीत. 2022 मध्ये रशियाच्या धर्मगुरूंनी युक्रेनच्या युद्धाला नैतिक लढ्याचे रूप दिले. माणसे दोन्हीकडची एकाच पंथाची.

मग लढूच नये का?

हा प्रश्न काका विचारणार, म्हणून आधीच घेतो. नाही, आम्ही तसे म्हणत नाही. खरे अर्जही असतात. चालून आलेल्याला अडवणे हा अधर्म नाही. गुरू गोविंदसिंग 1708 मध्ये दक्षिणेकडे जाताना बऱ्हाणपुरात राहिले होते, इथला गुरुद्वारा त्याची साक्ष आहे. त्यांनी औरंगजेबाला लिहिलेल्या 'जफरनामा'त कुराणाची शपथ घेऊन ती मोडणाऱ्यांना जाब विचारला आहे. त्यांचे म्हणणे असे, की बाकीचे सर्व उपाय थकले तरच तलवार हाती घेणे योग्य. ही अट फार कडक आहे. बाकीचे उपाय करून झाले का, हा पहिला प्रश्न.

दुसरा, जी नीती शत्रूला लावतो तीच मित्राला लावतो का? तिसरा, लढाईनंतर जे मिळाले ते प्रयोजनात लिहिले होते का? चौथा, किंमत कोणी भरली, अर्ज करणाऱ्याने की बहादूरपूरच्या दुकानदाराने? या चार प्रश्नांना जो टिकेल त्याच्या बाजूने जरूर उभे राहावे.

राजांमध्ये आपला तोटा स्वतःच्या हाताने लिहिणारा आम्हाला एकच माहीत आहे. कलिंगात एक लाख मेले, दीड लाख हलवले गेले, असे अशोकाने शिळेवर कोरून ठेवले आणि त्याचे दुःख झाले असे लिहिले. धर्मासाठी लढलो असे लिहायची त्याला पूर्ण मोकळीक होती.

सही

शेवटचा मुद्दा. युद्ध राजा करतो, पण कागद पुढे सरकायला सही लागते. शहाजहान जिवंत असताना औरंगजेबाच्या नावाचा खुतबा वाचायला तेव्हाच्या मुख्य काझीने नकार दिला. तेव्हा अब्दुल वहाब नावाचा दुसरा काझी पुढे आला. बाप राज्य करायला असमर्थ आहे, म्हणून मुलाने गादी घेणे शास्त्राला धरून आहे, असा त्याने निर्वाळा दिला. तो मुख्य काझी झाला आणि पुष्कळ संपत्ती ठेवून गेला.

त्याचा मुलगा शेख-उल-इस्लाम. तोही पुढे मुख्य काझी झाला. बापाच्या संपत्तीतले त्याने काही घेतले नाही असे सांगतात. विजापूर आणि गोवळकोंड्यावर स्वारी करणे धर्मसंमत आहे का, असे बादशहाने त्याला विचारले. त्याने संमती दिली नाही. नोकरी सोडली आणि मक्केला निघून गेला. स्वारी थांबली नाही. दोन्ही राज्ये बुडाली. पण त्या कागदावर त्याची सही नाही, आणि सव्वातीनशेहून जास्त वर्षांनी बऱ्हाणपुरातला एक बँक कारकून त्याचे नाव आदराने घेतो आहे. त्याने कोणाविरुद्ध तलवार उपसली नाही. आपल्या धर्माचे नाव चुकीच्या व्हाउचरवर लागू दिले नाही, एवढेच.

काका, आम्ही सही केली नाही ती याच कारणाने. भीती वाटली नाही असे म्हणणे खोटे ठरेल. गल्लीत राहायचे आहे, मुलांची लग्ने व्हायची आहेत. पण पत्रक वाचले तेव्हा प्रयोजनात धर्म होता, आणि खाली मागितले होते ते दुकानाचे गाळे. ज्यांच्याकडून माल घेऊ नका असे त्यात आहे, त्यांपैकी एकाचे लूम आमच्या वाड्याला लागून चालतात. आमचे वडील गेले तेव्हा रात्रभर त्यांनी लूम बंद ठेवले होते. त्यांच्याविरुद्ध सही करायची तर आधी त्यांच्यावर कसली बाकी आहे ते आम्हाला कोणीतरी दाखवावे. 1681 ची बाकी त्यांच्या नावे नाही, आणि आपल्या नावेही नाही.

आपल्या जामा मशिदीत सगळे जातो, पाहुण्यांना दाखवायला तरी. राजा अलीखान फारुकीने ती 1590 च्या सुमारास पूर्ण केली. तिच्यात अरबी शिलालेखाबरोबर संस्कृत शिलालेखही आहे, देवनागरीतला. सृष्टिकर्त्याला वंदन करून तो सुरू होतो. त्याच मशिदीत अकबराने जिंकल्याचा फारसी लेखही आहे. पुढच्या वेळी गेलात तर नातवंडांना दोन्ही दाखवा. कोणता आपल्याला पुढे चालवायचा आहे, ते त्यांना विचारू द्या.

पत्रक अजून फिरते आहे. ज्यांनी सही केली त्यांना आम्ही कमी समजत नाही; त्यांतले निम्मे आमचे वडीलधारे आहेत. फक्त विनंती आहे, की नाव परत घ्यायचे असेल तर अजून वेळ आहे. बँकेतही रक्कम वटेपर्यंत चेक थांबवता येतो.